आई, गाडीची किल्ली दे ना!



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी तीन गोष्टी ठरलेल्या असतात. आधी पेढे, मग कॉलेजचे फॉर्म, आणि साधारण आठवडाभरानं गाडीचा विषय! "आई, कॉलेज लांब आहे. क्लास सकाळी सहाला आहे. सगळ्यांकडे गाडी आहे. मला किल्ली दे ना!" हा संवाद तुमच्या घरी एव्हाना झाला असेल, नाहीतर लवकरच होईल.

आमच्याकडेही झाला. आम्ही नाशिकला राहतो. माझी लेक २०२२ साली दहावी झाली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आज ती स्वतः गाडी चालवत कॉलेजला जाते. पण मधल्या काळात आमच्या घरात बरंच काही घडलं. वाद झाले, रुसवेफुगवे झाले, आणि बरेच हिशोबही झाले. तेच आज तुम्हाला सांगणार आहे. हा लेख थोडा तुमच्यासाठी आहे आणि थोडा तुमच्या आईबाबांसाठी. तेव्हा वाचून झाला की अंक त्यांच्या हातात द्या. ते कामात असतील तर सरळ मोठ्यानं वाचून दाखवा!

पहिला वाद झाला कायद्याचा. लेकीनं ठणकावून सांगितलं, "बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते. माझ्या सगळ्या मैत्रिणी म्हणतात." मग आम्ही कायदाच काढून वाचला. १९८८ चा मोटार वाहन कायदा काय म्हणतो? मोटार किंवा मोटारसायकल चालवायला वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची, आणि तीही पालकांची लेखी संमती घेऊन लायसन्स काढलं तरच. मी तिला आमच्या गाडीचं आरसी बुक आणायला सांगितलं. त्यात इंजिनाच्या रकान्यात काय होतं, ठाऊक आहे? १०९ सीसी! म्हणजे परवानगीच्या दुपटीहून जास्त. दुकानांत ज्या स्कूटर सर्रास मिळतात, त्या बहुतेक ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. गिअर नाहीत म्हणून त्या काही लहान मुलांच्या गाड्या होत नाहीत. आजोबा हसून म्हणाले, "माझी लुना ठेवली असती, तर तुझं काम झालं असतं!" १९७२ साली बाजारात आलेली लुना ५० सीसीची होती, म्हणून.

तुम्ही म्हणाल, मग बॅटरीवरची गाडी घेऊ! ज्या गाडीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असतो, तिला लायसन्स लागत नाही, हे खरं आहे. पण मला सांगा, तुमची गाडी छोटी झाली म्हणून शेजारून जाणारा ट्रक छोटा होतो का? त्या गाडीवर बसायलाही रस्ता कळावाच लागतो.

आता आईबाबांनी जरा लक्ष देऊन ऐकायचं आहे. २०१९ साली या कायद्यात एक कलम नव्यानं आलं, १९९-अ. अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही! शिवाय लायसन्स नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. हे वाचून लेक क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे चालवणार मी आणि तुरुंगात जाणार तू?" मी म्हटलं, "हो. आणि घरी स्वयंपाक करणार तू!"

हसून झालं, पण दार आपटायचं ते आपटलंच. दोन दिवस अबोला होता. सकाळी सहाचा क्लास काही कायद्यासाठी थांबत नव्हता. मग आम्ही तिघांनी बसून तोडगा काढला. जाताना बाबा सोडणार, येताना शहर बस, आणि जवळच्या कामांना सायकल. आई, बाबा आणि लेक, तिघांनाही थोडं थोडं लवकर उठावं लागलं. पण या दोन वर्षांत तिनं काहीच शिकायचं नाही, असं मात्र आम्ही ठरवलं नव्हतं. उलट खरं शिक्षण तिथूनच सुरू झालं.

सायकलला कुणी गाडी शिकण्याची पहिली इयत्ता म्हणत नाही, पण ती आहे. वळण्याआधी मागे पाहायचं, हात दाखवायचा, थांबलेल्या बससमोरून एकदम कुणी पळत येईल असं धरूनच चालायचं, हे सगळं सायकलवर स्वस्तात शिकता येतं. ट्रकची एक खूणगाठ तर प्रत्येकानं बांधून ठेवावी. ज्या जागेवरून तुम्हाला ट्रकचा आरसा आणि त्यात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नाही, त्या जागेवर तुम्हीही त्याला दिसत नाही. ट्रकच्या डाव्या अंगाला अशी मोठी आंधळी जागा असते. तो डावीकडे वळायला लागला की तिथला सायकलवाला चिरडला जातो. म्हणून वळणाऱ्या ट्रकच्या डावीकडून कधीही घुसायचं नाही. मागे थांबायचं.

सायकलच्याही आधी एक इयत्ता असते, आणि ती फार मोठी असते. ती म्हणजे मागची सीट. एक साधा गुणाकार करू. समजा, पहिली ते दहावी तुम्ही आईच्या किंवा बाबांच्या गाडीवर शाळेत गेलात. वर्षाला दोनशे दिवस धरा. रोज जाऊन येऊन दोन फेऱ्या. दहा वर्षांच्या किती झाल्या? चार हजार! आईबाबांनो, लायसन्सच्या वयाला येईपर्यंत तुमच्या मुलानं गाडी चालवण्याचे चार हजार धडे घेतलेले असतात, आणि शिक्षक तुम्ही असता. पुढे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर त्याला शिकवणार ते जेमतेम महिनाभर. आता सांगा, कुणाचं शिकवणं जास्त टिकेल?

माझी लेक सहा वर्षांची असताना सिग्नलला आम्ही थांबलो होतो. शेजारचे एक काका पुढे मुलाला उभं करून लाल दिव्यातून सुसाट निघून गेले. लेकीनं मागून विचारलं, "आई, पोलीसकाका नसले की थांबायचं नसतं का?" त्या मुलानंही तेच शिकून घेतलं असणार. कुणीही त्याला ते शिकवलं नव्हतं. त्यानं नुसतं पाहिलं होतं. हेल्मेटचंही तसंच. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, मग तो चालवणारा असो की मागे बसणारा. त्याहून लहान, नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळांसाठीही १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे. बाळाला हेल्मेट घालायचं, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा लावायचा, आणि वेग ताशी ४० च्या आत ठेवायचा. बाबांचं हेल्मेट आरशाला लटकलेलं पाहून मोठा झालेला मुलगा स्वतःचंही आरशालाच लटकवतो. डोकं काही आरशात नसतं!

हेल्मेटवर आयएसआयचं चिन्ह हवं आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याआधी निसटतं. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. त्या वर्षी भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे शाळेची ३५ मिनिटांची एक तासिका संपेपर्यंत अकरा माणसं! त्या वर्षी हेल्मेट न घातलेल्यांचे मृत्यू होते ५०,०२९.

अकरावीत भौतिकशास्त्र आल्यावर लेकीनं एक हिशोब करून पाहिला. तुम्हीही वहीपेन्सिल घ्या. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. समोर काहीतरी आलं, हे डोळ्यांनी पाहून हातानं ब्रेक दाबेपर्यंत निदान एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनं, ती पुढे आणखी ९ मीटरवर थांबेल. एकूण २० मीटर. हे अंतर ओळखीचं वाटतं ना? क्रिकेटची खेळपट्टी एवढीच असते! आता वेग ६० करा. पहिल्या सेकंदात १७ मीटर आणि ब्रेक लावल्यावर २०. एकूण ३७, म्हणजे जवळजवळ दोन खेळपट्ट्या. वेग दीडपट झाला, पण ब्रेकचं अंतर दुपटीहून वाढलं. कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

पुढचा भाग आणखी महत्त्वाचा आहे. समजा, २५ मीटरवर एक लहान मुलगा चेंडूमागे रस्त्यात धावत आला. ४० नं येणारा त्याच्या पाच मीटर अलीकडे थांबतो, चार शब्द रागावतो आणि पुढे जातो. ६० नं येणारा त्याच जागी पोचतो, तेव्हाही त्याचा वेग ताशी सुमारे ४५ असतो. हा आकडा आला तेव्हा लेकीनं हिशोब पुन्हा तपासला. मग वहीचं ते पान फाडून फ्रिजवर लावलं. तिच्या बाबांनी ते मुकाट्यानं दोनदा वाचलेलं मी पाहिलं.

ती अठराची व्हायच्या सुमारास, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्यात कल्याणीनगरला एक अपघात झाला. महागड्या मोटारीच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागच्या जागी गेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. त्यातल्या अटींपैकी एक होती रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. देशभर संताप उसळला आणि पुढे प्रकरणाला बरीच वळणं लागली. ती तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असतील. लेक मला एवढंच म्हणाली, "आई, तीनशे शब्द म्हणजे आमच्या वहीचं दीड पान गं." मला मात्र त्या दोन घरांचा विचार सुचत होता. त्यांची मुलं नियमानं चालली असतील, तरी काय उपयोग? रस्ता सगळ्यांचा असतो. आपल्या मुलाच्या हाती किल्ली देताना आपण दुसऱ्याच्या मुलांनाही जबाबदार होतो.

यथावकाश तिला अठरा पूर्ण झाली. लर्निंग लायसन्स निघालं. ते सहा महिने चालतं आणि किमान तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. बहुतेक जण एकतिसाव्या दिवशी आरटीओत हजर होतात. आम्ही मात्र पाच महिने घेतले.

पहिला धडा रिकाम्या मैदानावर, रविवारी सकाळी. पहिल्या दिवशी काय शिकवायचं? गाडी पळवायची कशी? छे! थांबवायची कशी. सावकाश जायचं आणि मी टाळी वाजवली की थांबायचं. नवखा माणूस घाबरला की मूठ सोडण्याऐवजी ती आणखी पिळतो आणि गाडी उसळते. म्हणून आधी मूठ सोडणं, मग दोन्ही ब्रेक एकदम पण हळूहळू आवळणं, हे हाताला वळण लागेपर्यंत चाललं. वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर ब्रेक करकचून दाबला तर चाक घसरतं, हेही तिथंच कळलं. मग गल्ली, मग ओळखीचा रस्ता, मग बाजार. लायसन्स असलेला शिकवणारा मागे बसू शकतो, म्हणून मी किंवा बाबा मागे असायचो. आता मागच्या सीटवर आम्ही होतो!

मागे बसून काय बोलायचं, हेही शिकण्यासारखं असतं बरं का, आईबाबांनो. "अगं ए, समोर बघ!" असं ओरडलं की चालवणारा दचकतो आणि तिथंच गडबड होते. त्याऐवजी आम्ही प्रश्न विचारायचो. "ती रिक्षा आता काय करेल?" "या गल्लीतून कोण येऊ शकेल?" ती मोठ्यानं उत्तर द्यायची. हळूहळू प्रश्न विचारायची गरजच उरली नाही. "आई, तो रिक्षावाला गिऱ्हाईक शोधतोय, अचानक थांबणार," असं तीच सांगायला लागली. तेव्हा मला कळलं की तिचे डोळे तयार झाले.

पक्कं लायसन्स मिळालं, तरी सगळी मोकळीक एकदम दिली नाही. ही कल्पना काही माझी नव्हे. न्यूझीलंडमध्ये १९८७ पासून नव्या चालकांना लायसन्स टप्प्याटप्प्यानं देतात. मधल्या टप्प्यावर रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं चालवायचं नाही आणि मित्रांना घेऊन फिरायचं नाही. पुढे कॅनडा आणि अमेरिकेतल्या राज्यांनीही असे नियम केले. कारण काय? रात्री दिसतं कमी, आणि मित्र बरोबर असले की अंगात वारं शिरतं! आपल्या मेंदूचा पुढचा भाग, जो 'थांब, विचार कर' असं सांगतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. तुम्ही वाईट असता असं नाही. तुमच्या ब्रेकची जोडणी अजून चालू असते, इतकंच!

आपल्याकडे असा टप्प्यांचा कायदा नाही. पण घरचा नियम करायला कुणाची ना आहे? आम्ही तिघांनी मिळून एक कागद केला. पहिले सहा महिने मागे मैत्रीण नाही. दिवेलागणीनंतर एकटीनं नाही. महामार्गावर आणि द्वारकेच्या चौकात नाही. पहिल्या पावसात नाही, कारण रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ भिजून साबणासारखी निसरडी होते. सहा महिन्यांनी एकेक अट सुटायची. तारखा तिनंच लिहिल्या.

त्याच कागदावर आईबाबांसाठीही अटी होत्या. त्यातली पहिली फोनची. मूल गाडीवर आहे हे ठाऊक असूनही आपण दर दहा मिनिटांनी "कुठे पोचलास?" असा फोन करतो, आणि मग ते गाडी चालवताना फोन उचलतं म्हणून चिडतो! आमच्याकडे ठरलं की ती रस्त्यात असताना घरून फोन जाणार नाही. पोचल्यावर तीच करेल. दुसरी अट, "लवकर ये" म्हणायचं नाही, "सावकाश ये" म्हणायचं. आणि उशीर झाला तर दारातच खडसवायचं नाही. ओरडा चुकवायला मूल जे पाच मिनिटं वाचवतं, ती गाडीच्या वेगातूनच वाचवतं. अति घाई संकटात नेई, ही पाटी घाटात असते, पण घाई बऱ्याचदा घरातूनच निघते.

तिसरी अट सगळ्यांत मोठी. कितीही वाजले असोत, ती कुठेही असो, "न्यायला या" असा फोन आला की जायचं, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. ही अट कामाला आली. गंगापूर धरणाच्या बाजूला कुणाच्या तरी वाढदिवसाला ती मैत्रिणींबरोबर गेली होती. येताना एकानं आपल्या मोटारसायकलवर तिला आणि आणखी एकीला घ्यायचं ठरवलं. ट्रिपल सीट, मुलींना हेल्मेट नाही, आणि तो गाडी पळवतो म्हणून प्रसिद्ध! बाकीचे हसत होते. "घाबरट" असंही म्हणाले. रात्री दहा वाजता फोन आला, "बाबा, न्यायला याल?" बाबांनी आमची जुनी मोटार काढली आणि दोघींना घेऊन आले. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जेवलात का?"

त्या रात्री काही विपरीत झालं नाही. तो मुलगाही सुखरूप घरी पोचला. म्हणजे तिनं उगाच फोन केला का? मला तसं वाटत नाही. हसणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून घरी फोन करणं हे मैदानातल्या ब्रेकपेक्षा अवघड आहे. आणि तो फोन तिनं केला, कारण आपल्यावर कुणी ओरडणार नाही याची तिला खात्री होती.

तर मित्रांनो, किल्ली मिळायला अजून वर्षं असतील, तरी तुमचा अभ्यास आजपासून सुरू करता येईल. पुढचा आठवडाभर मागच्या सीटवरून पाहा. वळताना किती जण इंडिकेटर देतात? पिवळा दिवा लागला की किती जण थांबतात आणि किती जण वेग वाढवतात? राँग साइडनं किती जण येतात? रोज रात्री वहीत आकडे लिहा. आणि आईबाबांनो, त्या वहीत तुमचीही नोंद होणार आहे, हे लक्षात असू द्या! आठवड्याच्या शेवटी सगळे मिळून ती वही वाचा, आणि तुमच्या घरच्या अटींचा कागद तयार करा. त्यात मुलांसाठी जितक्या अटी, तितक्याच मोठ्यांसाठीही असू द्यात.

कागदावर काय काय लिहिलंत, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.